एकदाच विचारणारं घर

कारंजा लाडला लोक जातात ते दर्शनाला. दत्ताच्या देवळात, नाहीतर जैन मंदिरांत. मी गेले ते भांडण करायला, आणि तेही दुसऱ्याचं.

स्नेहल माझी पुण्यातली हॉस्टेलची मैत्रीण. तिच्या वडिलांचं कारंज्यात भांड्यांचं दुकान आहे. एमबीए करून, दोन वर्षं पुण्यात नोकरी करून ती घरी परत गेली होती, दुकान वाढवायचं म्हणून. शेजारचा गाळा रिकामा होणार होता. त्याचा मालक नागपूरला राहायला गेलेला. त्यानं निरोप दिला होता की रविवारपर्यंत तुमचं काय ते सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो. स्नेहलला तिथं मिक्सर, कुकर, शेगड्या ठेवायच्या होत्या. या सगळ्यासाठी लोक आता अकोल्याला जातात. वडील 'नाही' म्हणत होते. गाळा मिळाला नाही तर ती हैदराबादची नोकरी घेणार होती. तिचा फोन आला, "तू ये. तुला तोंडावर बोलता येतं. मला त्यांच्यापुढे येत नाही."

हे खरं आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. बीडहून निघून दर हिवाळ्यात नव्या फडावर पालं टाकायची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती मी कोणाच्या मेहरबानीनं घेतलेली नाही. त्यामुळे समोरचा कितीही मोठा असला तरी माझी जीभ अडत नाही.

वाशीमहून पुढे

पुण्याहून वाशीमपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. वाशीमला सकाळी एसटी धरली. मंगरूळपीर मागे पडल्यावर खिडकीतून तूर दिसायला लागली, शेंगांनी भरलेली, वाऱ्यानं एका अंगाला कललेली. सोयाबीनची रानं रिकामी झाली होती. कारंजा जवळ येईल तसा कापूस वाढत गेला. आमच्याकडेही कापूस होतो, पण इथली माती जास्त काळी. शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, कोणाकडे चाललीस. मी भांड्यांच्या दुकानाचं सांगितलं, तर ते म्हणाले, "पद्माकरभाऊकडे? जाय बाई. भांडं घ्याले गेलीस तं घेऊ देणार नाही तो." आणि स्वतःच हसले. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

काकांसाठी, म्हणजे स्नेहलच्या वडिलांसाठी, मी पुण्याहून एक जर्किन घेतलं होतं. चांगलं होतं, आत फर असलेलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, लगेच अंगात घातलं, आरशासमोर उभे राहिले. बाह्या थोड्या लांब होत्या. "उबदार हाय," म्हणाले. मला बरं वाटलं.

घर जैन, त्यामुळे जेवण सूर्य मावळायच्या आत. या घरात कंदमूळ नाही, म्हणजे कांदा, लसूण, बटाटा काही नाही, पाणी गाळून घेतलेलं. स्नेहलच्या आईनं, विमलकाकूंनी, तुरीच्या कोवळ्या दाण्यांची भाजी केली होती. इकडे त्यांना सोले म्हणतात. कांदालसणाशिवाय एवढी चव कुठून येते हे मला अजून कळलेलं नाही. एक भाकरी झाली. काकूंनी विचारलं, "अजून देऊ?"

मी "नको" म्हटलं.

काकूंनी टोपलं झाकलं आणि त्या ओट्याकडे वळल्या.

मी बसून राहिले. ताट पुढ्यात, हात कोरडा. आता परत विचारतील, मग मी नको-नको म्हणत अर्धी घेईन, असा माझा हिशोब. कोणी विचारलं नाही. काका उठले, स्नेहल उठली, सूर्य गेला आणि स्वयंपाकघर बंद झालं. मी सकाळपर्यंत उपाशी.

स्नेहलला सांगितल्यावर ती पोट धरून हसली. "मी सांगायची विसरले. आमच्याकडे एकदाच विचारतात. तू नको म्हटलं म्हणजे नको."

हे इकडचं नाही, हे त्यांच्या घराचं आहे. बाकी वऱ्हाडात आग्रहानं जीव नकोसा करतात, ते पुढं येईलच. आमच्या पालावर मात्र पाहुणा आला की आई तीनदा वाढायला उठायची आणि पाहुणा तीनदा हात आडवा धरायचा. पातेल्यात काय आहे हे आईला माहीत असायचं आणि पाहुण्यालाही. त्याच्या नाही म्हणण्यावर आम्हा पोरांचं जेवण असायचं. आईनं न विचारणं हा अपमान आणि पाहुण्यानं हो म्हणणं हा उद्धटपणा. तिथून मी 'नको' शिकले. भरलेल्या टोपल्यासमोरही तेच तोंडातून निघालं.

दुकानात

सकाळी दुकानापुढे एक म्हातारे हमाल खोकी उतरवत होते. त्यांच्या अंगात तपकिरी रंगाचा, हातानं विणलेला स्वेटर होता. तो आदल्या दिवशी मी काकांच्या अंगात पाहिला होता.

स्नेहलनं मग उलगडून सांगितलं. काकांनी काही वर्षांपूर्वी नेम घेतलाय. जैनांमध्ये हे व्रत आहे: आपल्याजवळ किती ठेवायचं याची मर्यादा आपणच ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. प्रत्येकाची मर्यादा वेगळी. काकांची अशी: एक घर, एक दुकान, कपडे मोजके, गरम कपडा एक. वरचं काही आलं की आधीचं कोणाला तरी द्यायचं. पाहुण्यानं आणलेलं नाकारायचं नाही, हाही त्यातच. म्हणजे मी जर्किन दिलं आणि स्वेटर गेला.

"तो कोणी विणला होता?" मी विचारलं.

"आईनं."

काकू त्यावर एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला ते काही बरं वाटलं नाही. नेम काकांचा, पण गेला तो काकूंच्या हातचा स्वेटर.

आमच्या पुण्याच्या ऑफिसातही कृतज्ञतेचा कार्यक्रम असतो. सोमवारी सकाळी सगळे गोल उभे राहतात. प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची, ज्याबद्दल आभार वाटतात. कोणी तब्येत म्हणतं, कोणी टीम म्हणतं. मग टाळ्या, आणि टाळ्या संपल्या की मागच्या महिन्यापेक्षा मोठं टार्गेट भिंतीवर. त्यामुळे 'आहे त्यात समाधान' असं कोणी म्हणालं की माझा कान आधी उभा राहतो. हे सांगणाऱ्याला माझ्याकडून काय काढून घ्यायचंय, हे मी पाहते.

काका मात्र कोणाला सांगत नव्हते. ते दुकान चालवत होते, आणि अशा रीतीनं की कोणत्याही मॅनेजरला घाम फुटावा. मानोऱ्याकडच्या एका गावातून शेवंताबाई नावाच्या बाई आल्या. मुलीचं लग्न ठरलेलं. आंदणाची भांडी घ्यायची होती. त्यांनी मोठा सेट दाखवायला सांगितला. काकांनी विचारलं, "तिच्या सासरी माणसं किती?"

"चार."

"मंग एवढ्या ताटात कोण जेवीन?"

शेवंताबाईंनी पदर खोचला. "काका, तुमी दुकानदार हा का तिचे सासरे?"

दुकानात बसलेले सगळे हसले, काकाही. मग बाईंनी शांतपणे त्यांना समजावलं. मांडवात भांडी मांडावी लागतात. येणारी बाई आधी भांडी पाहते, मग पोरगी पाहते. धाकटीला थोरलीपेक्षा एक हंडा कमी दिला तर ती जन्मभर मोजत बसेल. काकांनी ऐकून घेतलं आणि मोठा सेट काढून दिला. विचारायचं ते एकदा विचारून झालं होतं. स्नेहल गल्ल्यामागे कपाळाला हात लावून बसली होती. भांड्यांवर नाव घालायचं मशीन बराच वेळ घरघरत राहिलं.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मी काकांना म्हटलं, मला बोलायचंय. ते म्हणाले, बोल.

मी बोलले. तुमचा नेम चांगला असेल, पण तो स्नेहलनं घेतलेला नाही. तुम्ही मर्यादा घातली ती भरल्या घरात बसून. आमच्या घरात कोणी नेम घेतला नव्हता, तरी गरम कपडा एकच होता, आणि तो जो आधी उठेल त्याचा. जास्त मागायचं असतं हे मला शिकावं लागलं. नसतं शिकले तर मी आज फडावर असते. पोरीला जास्त हवंय तर त्यात वाईट काय आहे?

काकांनी जर्किनची चेन खालीवर केली. राग आला नाही, निदान दिसला नाही.

"खरं हाय तुयं," ते म्हणाले. "भरल्या घरात नेम सोपा असते. पण लागते बी तो तिथंच न. रिकाम्या घरात कोण नेम घेईन? तिथं दिवसच नेम लावून देते."

"मग स्नेहलचं काय?"

"तिनं मले विचारलं, तुमी शेजारचं घेता का. मी नाही म्हटलं. मी नाहीच घेऊ शकत."

मी म्हटलं, हे शब्दात अडकणं झालं. ते म्हणाले, असेल. आणि उठून पाणी प्यायला गेले. भांडायला आलेल्या माणसाची यापेक्षा मोठी पंचाईत नाही.

मानोऱ्याच्या वाटेवर

शनिवारी शेवंताबाईंची भांडी पोचवायला छोटा टेम्पो निघाला, त्यात मी आणि स्नेहल पुढे बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वेचणाऱ्या बायकांच्या कमरेला बांधलेल्या ओट्या फुगलेल्या. मधूनच एखादी मान वर करून टेम्पोतल्या हंड्यांकडे पाहायची आणि दुसरीला काहीतरी सांगायची. स्नेहल म्हणाली, "पोचायच्या आधी गावाला कळलं असेल किती नग आहेत."

पोचलो तर शेवंताबाईंनी अंगणात गोवऱ्यांच्या आरावर पाणग्या लावल्या होत्या. कणकेच्या जाड पोळ्या, पानात गुंडाळून भाजलेल्या, वर तूप, सोबत वरण. स्नेहलसाठी बिनलसणाचं वेगळं पातेलं. आणि आग्रह. मी नको म्हटलं की पाणगी ताटात, हात आडवा धरला की हाताच्या बाजूनं ताटात. "पुण्याची पोट्टी वाऱ्यानं उडून जाईन," म्हणाल्या. शेवटी मी ताटावर अक्षरशः ओणवी झाले. इथं मला माझी भाषा कळत होती.

जेवल्यावर भांडी ठेवायला माळ्यावर जागा करायची होती. मी शिडीवर चढले. वर पोती होती, तोंडं शिवलेली. एक फाटलं होतं, त्यातून पितळ चमकत होतं. शेवंताबाईंच्या स्वतःच्या लग्नाची भांडी. नाव घातलेली, आणि एकदाही चुलीवर न चढलेली.

"हीच पोरीला द्यायची होती न," मी वरून म्हटलं.

"मायं नाव हाय त्याच्यावर. मांडवात मायं नाव मांडू काय?"

"मग वापरत का नाही?"

शेवंताबाई खाली शिडी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "काही मोठं होईन तवा काढू, असं म्हणत गेलो. मंग राहूनच गेलं."

त्या बाईचं दुःख वगैरे मी इथं रंगवणार नाही. त्यांना ते नव्हतंच. त्यांनी नवीन भांडी जुन्या पोत्यांशेजारी लावून घेतली, आणि लग्नाला यायचं आमच्याकडून कबूल करून घेतलं. पण परतताना स्नेहल मागच्या रिकाम्या टेम्पोकडे वळून वळून पाहत होती. मी विचारलं तर म्हणाली, "मला मिक्सर विकायचेत. लोकांना लागतात. हे माळ्यावर जाणारं मी विकणार नाही." मग जरा वेळानं, "विकणार. पण मला ते आवडणार नाही."

रविवार

रविवारी सकाळी काका-काकू मंदिरात जाऊन आले. नागपूरहून गाळेवाल्याचा फोन येऊन गेला. संध्याकाळपर्यंत सांगतो, असं काकांनीच त्याला सांगितलं. स्नेहलनं हैदराबादचं पत्र फोनवर उघडून ठेवलं होतं, उत्तर द्यायचं बाकी होतं. मी आपली सामान भरत होते. मला जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं आणि त्याचा उपयोग झालेला नव्हता.

ऊन कलताना जेवायला बसलो. कढी, भाकरी, सोले. काकूंनी मला विचारलं, अजून देऊ का. मी या वेळी आधी पोटाला विचारलं आणि "अर्धी" म्हटलं. अर्धीच मिळाली.

काकांचं जेवण झालं होतं. त्यांनी ताटात पाणी ओतून ते पिऊन टाकलं, हात पुसले आणि पायजम्याच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून स्नेहलच्या ताटाशेजारी ठेवला.

"दुकान तुया नावानं करून देतो," ते म्हणाले. "शेजारचं बी तूच घे, तुया नावानं. माया नेमात एक दुकान होतं, आता एकही नाही. मी गल्ल्यावरून उठतो. घेतं का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे विचारणं आहे. या घरातलं विचारणं. परत होणार नव्हतं.

स्नेहलनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या जागी असते तर काय म्हटलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. मी म्हटलं असतं, नको बाबा, तुम्ही बसा, मला काही नको. रडले असते. पुन्हा विचारतील म्हणून थांबले असते. आणि काकांनी "बरं" म्हणून किल्ल्या परत खिशात टाकल्या असत्या. कारण त्यांनी माझं 'नको' खरं धरलं असतं. काकूंच्या हातातली पळी कढीत थांबली होती. बाहेर ऊन भिंतीवरून वर सरकत होतं.

"दुकान तुम्ही लावलं," स्नेहल म्हणाली.

काका काही बोलले नाहीत. विचारून झालं होतं.

"घेतो," ती म्हणाली. पुण्यात ती 'घेते' म्हणायची. "दोन्ही घेतो."

"बरं," काका म्हणाले, आणि ताट उचलून मोरीकडे गेले.

काकूंनी कढी वाढली. स्नेहलनं ती घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं पण ती जेवत होती, भाकरी मोडून, नीट. जेवण टाकायचं नाही हाही त्या घरातला नियम असावा. सूर्य जायच्या आत तिनं नागपूरला फोन केला.

निघताना

माझी एसटी दुपारची होती, म्हणून सकाळी दुकानात गेले. स्नेहल गल्ल्यावर. काका आत आले, चप्पल काढली आणि सवयीनं गादीकडे वळले. मग थांबले, आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर येऊन बसले. माझ्या शेजारी.

एक बाई आली. तिनं काकांकडे पाहून डब्यांची उतरंड मागितली. काकांनी बोटानं स्नेहल दाखवली. स्नेहलनं मोठी उतरंड काढली. काकांचं तोंड उघडलं. मिटलं. स्नेहलनं ते पाहिलं असावं, पण ती काही विचारायला गेली नाही. उतरंड बांधून दिली.

बाई गेल्यावर मी हळूच विचारलं, जड जातंय का.

"जाते न," ते म्हणाले. "नेम असला म्हणजे जड जात नाही, असं तुले कोणी सांगतलं?"

खरं सांगायचं तर आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. काकांचा नेम चांगला आहे की हट्टी, हे मला ठरवता येत नाही. त्यांनी पोरीला सगळं दिलं आणि देताना तिला हसू दिलं नाही. पण पोरीला जे हवं होतं ते तिनं सरळ हो म्हणून घेतलं, तोंड न लपवता, हे मी पाहिलं. ते मला ऑफिसातल्या गोलात उभं राहून कधी जमलं नव्हतं.

घरी पिशवी घ्यायला गेले तर काकू अंगणात उन्हात बसल्या होत्या. मांडीवर लोकरीचा गुंडा, तपकिरी. सुया चालू होत्या. कोणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी मान वर केली.

"हा झाला की तुयं जर्किन जाईन," म्हणाल्या. "राग येईन का तुले?"

'छे, राग कसला' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मग मी थांबले. त्या परत विचारणार नव्हत्या. मी पुण्याच्या दुकानात किती वेळ उभं राहून ते जर्किन निवडलं होतं ते आठवलं, आणि म्हटलं, "थोडा येईल."

काकूंनी मान हलवली, कोणी अर्धी भाकरी मागितल्यावर हलवतात तशी, आणि पुढचा टाका घेतला.